‘कटी सार्क’ चहाच्या वाहतुकीत खरोखर सर्वांत वेगवान होती का?

प्रश्न असा आहे : ‘कटी सार्क’ हे चहा वाहणाऱ्या क्लिपर, म्हणजे वेगासाठी घडवलेल्या शिडांच्या जहाजांतील सर्वांत वेगवान जहाज असल्याचे सर्वत्र सांगितले जाते, मात्र चहाची एकही मोठी शर्यत तिने जिंकल्याची नोंद मिळत नाही, मग तिची कीर्ती कितपत खरी मानावी? व्यापारी जहाजांवर अधिकारी आणि पुढे कप्तान म्हणून काम करताना दक्षिण चिनी समुद्र, सुंडा सामुद्रधुनी आणि केप ऑफ गुड होप ही सारी वाट मी अनेकदा पार केली आहे आणि या जहाजाविषयीच्या नोंदी आवडीने वाचत आलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझे मत आधीच सांगतो. चहाच्या फेऱ्यांत ‘कटी सार्क’ पहिल्या फळीत होती, परंतु पहिली कधीच नव्हती. तिला ज्या वाऱ्याची भूक होती तो वारा चहाच्या वाटेवर थोडाच काळ मिळे. तो भरपूर मिळू लागला तेव्हा चहा तिच्या हातून गेलेला होता.

चहाच्या शर्यतीमागे व्यापाराचा सरळ हिशेब होता. चीनमध्ये वसंतात खुडलेला पहिल्या तोडणीचा चहा मे महिन्याच्या अखेरीस फूचौ बंदरात जहाजांवर चढू लागे आणि लंडनच्या बाजारात तो जितका लवकर पोहोचे तितका चढा भाव घेई. म्हणून वेगवान जहाजाला व्यापारी जास्त भाडे देत. १८६६ ची शर्यत सर्वांत गाजली. ‘एरियल’, ‘टेपिंग’, ‘सेरिका’, ‘फायरी क्रॉस’ आणि ‘टेट्सिंग’ ही जहाजे २८ ते ३१ मे या दरम्यान फूचौहून निघाली. ‘एरियल’ला टनामागे ७ पौंड भाडे ठरले होते आणि गोदीत पहिली पोहोचल्यास टनामागे आणखी १० शिलिंग मिळणार होते. ९९ दिवसांनी, ६ सप्टेंबरला, इंग्लंडच्या किनाऱ्यावर डीलसमोर ‘एरियल’ ‘टेपिंग’पेक्षा सुमारे १० मिनिटे पुढे होती, पण ‘टेपिंग’ला पाणी कमी लागत असे आणि तिच्या गोदीचे दरवाजेही भरती पुरी होण्यापूर्वी उघडता येत, त्यामुळे ती २८ मिनिटे आधी आत शिरली. मालकांनी भांडण न करता बक्षिसाची रक्कम वाटून घेतली. त्याच भरतीला ‘सेरिका’ही आली, आणि एवढा चहा एकाच वेळी बाजारात उतरल्यामुळे व्यापाऱ्यांना अपेक्षित नफा झाला नाही.

या कथेतील एक तपशील सहसा वगळला जातो, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाफेचे इंजिन जोडलेले ‘एर्ल किंग’ हे जहाज फूचौहून ५ जूनला, म्हणजे या सर्वांच्या नंतर निघाले आणि ७७ दिवसांत, कोळसा भरण्याचे थांबे धरून, लंडनला पोहोचले. ‘एरियल’च्या १५ दिवस आधी. त्याच वर्षी आल्फ्रेड होल्ट यांची ‘अगामेम्नॉन’ ही आगबोट चीनच्या मार्गावर धावू लागली होती. तिच्या इंजिनात एकदा वापरलेली वाफ दुसऱ्या सिलिंडरमध्ये पुन्हा कामाला लावली जाई. त्यामुळे कोळसा इतका कमी लागे की केपच्या मार्गाने चीनला जाताना केवळ मॉरिशसला थांबून भागे. म्हणजे ‘कटी सार्क’चा आराखडा कागदावर उतरण्यापूर्वीच तिच्या व्यवसायाला उतरती कळा लागली होती.

तरीही जॉन विलिस या लंडनच्या जहाजमालकाला चहाच्या शर्यतीत अव्वल ठरणारे जहाज हवे होते, आणि त्याच्या मनात नमुना तयार होता. हा नमुना मुंबईचा होता, आणि मराठी वाचकांना हे कळावे असे मला मनापासून वाटते. मुंबईच्या सरकारी गोदीत १८५४ साली कर्सेटजी रुस्तमजी वाडिया यांच्या हाताखाली ‘पंजाब’ नावाची सागवानी युद्धनौका बांधली गेली. ती वाफेवर आणि दोन्ही बाजूंच्या चाकांवर चालणारी, कंपनी सरकारच्या आरमाराची नौका होती. आजच्या जालना जिल्ह्यात १८०३ मध्ये झालेल्या असईच्या लढाईचे नाव दिलेली तिची जोडीदार नौकाही मुंबईतच तयार झाली होती. आरमार मोडीत निघाल्यावर १८६३ मध्ये विलिसने दोन्ही विकत घेतल्या, दुसरी लगेच विकून टाकली आणि ‘पंजाब’ची यंत्रे व चाके काढून तिला निव्वळ शिडांचे जहाज केले. तिचे नाव झाले ‘द ट्वीड’. युद्धनौका म्हणून जन्मलेले हे जहाज व्यापारी फेऱ्यांत इतके चपळ ठरले की विलिसने त्याचे श्रेय तिच्या नाळेच्या, म्हणजे पाणी कापणाऱ्या पुढच्या टोकाच्या, घडणीला दिले.

नव्या जहाजाचा आराखडा हर्क्युलिस लिंटन या तरुण जहाजबांधणीकाराकडे दिला गेला, तेव्हा विलिसने त्याला कोरड्या गोदीत उभी असलेली ‘द ट्वीड’ दाखवली. लिंटनने नाळेची घडण बरीचशी तिच्यासारखीच ठेवली. डोलकाठ्यांचा मागे झुकाव आणि पुढील डोलकाठी नेहमीपेक्षा थोडी मागे रोवण्याची रीतही त्याने तिच्याकडूनच उचलली. पिछाडीचा पिंपासारखा गोल आकार मात्र त्याला पटला नाही. ‘कटी सार्क’ची पिछाडी त्याने अधिक चौकोनी आणि भरीव केली, म्हणजे मागून मोठी लाट आली की जहाजाचा मागचा भाग वर उचलला जाईल आणि सुकाणूच्या चक्रावरील खलाशावर लाट फुटणार नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ बरेचसे या एका निर्णयात आहे असे मी मानतो. भरीव पिछाडी वादळी समुद्रात जहाजाला निर्धास्तपणे पळू देते. वारा पडला की मात्र निमुळत्या पिछाडीचे जहाज पाण्यातून सहज सरकते आणि भरीव पिछाडीचे जहाज पाणी ओढत राहते.

बांधणीची बाकी हकीकत थोडक्यात सांगतो. स्कॉटलंडमधील डंबार्टन येथील स्कॉट अँड लिंटन या कारखान्याने टनामागे १७ पौंड या दराने, एकूण १६,१५० पौंडांत काम घेतले, आणि या कमी दरामुळे काम पुरे होण्याआधीच कारखान्याचे दिवाळे निघाले. उरलेले काम डेनी बंधूंनी केले. पठाणापासून, म्हणजे जहाजाच्या तळाच्या मधल्या कण्यापासून, वर उभे राहणारे वाक (फासळ्या) लोखंडाचे, त्यांवर ठोकलेल्या फळ्या पाण्यावरील भागात सागाच्या आणि खालच्या भागात रॉक एल्म या लाकडाच्या, आणि पाण्याखालील भागावर तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूचा पत्रा, अशी तिची रचना होती. पूर्ण लोखंडी जहाजाच्या तळाला शेवाळ आणि कालवे धरत, वेग मरे, आणि लोखंडावर थेट तांब्याचा पत्रा चढवला तर खाऱ्या पाण्यात लोखंड खाल्ले जाई. मध्ये लाकूड आले की ही अडचण दूर होई, शिवाय लोखंडी वाकांमुळे माल भरायला जागा जास्त मिळे. लांबी सुमारे २१२ फूट, रुंदी ३६ फूट, आतल्या जागेवरून काढलेले नोंदणीचे माप ९६३ टन आणि सर्व शिडे पसरली की ३२,००० चौरस फूट कापड, असे तिचे माप. २२ नोव्हेंबर १८६९ रोजी ती पाण्यात उतरली. सुएझ कालवा त्याच्या पाचच दिवस आधी, १७ नोव्हेंबरला, खुला झाला होता.

कप्तान जॉर्ज मूडी यांच्या हाताखाली १६ फेब्रुवारी १८७० रोजी तिने लंडन सोडले. जाताना मद्य, बिअर आणि कारखान्यांत तयार झालेला माल होता. येताना शांघायहून १३,०५,८१२ पौंड, म्हणजे ५९० टनांच्या आसपास चहा. चहा हलका माल असल्यामुळे तळाशी लोखंड आणि खडीचे नीरम, म्हणजे जहाज स्थिर ठेवणारे वजन, घालून ती खडी जहाजाच्या अंगाच्या वळणाप्रमाणे नीट सारखी करावी लागे. त्यावर हलक्या प्रतीच्या चहाच्या पेट्यांचा पहिला थर लागे, कारण ओल आलीच तर त्याच पेट्यांना लागावी. वरचे थर चिनी हमाल लाकडी मोगरीने ठोकून असे बसवत की दोन पेट्यांत बोटभर फट राहू नये. फट राहिली तर समुद्रात माल सरके, आणि सरकलेला माल जहाज कलंडवू शकतो. जहाजावर माल चढताना ज्याने लक्ष दिले आहे त्याला या कामाची किंमत वेगळी सांगायला नको. शर्यतीची पहिली तयारी तिथेच होई.

२५ जूनला शांघाय सोडून ती १३ ऑक्टोबरला, ११० दिवसांनी, लंडनला पोहोचली. हा काळ वाईट नव्हता, पण आदल्या वर्षी ‘सर लान्सलॉट’ने फूचौहून ८९ दिवसांत आणि ‘कटी सार्क’ची पुढे आयुष्यभराची प्रतिस्पर्धी ठरलेल्या ‘थर्मोपिली’ने ९१ दिवसांत हा प्रवास केला होता. शांघाय फूचौच्या बरेच उत्तरेला असल्याने दोन्हींची थेट तुलना करताना काही दिवसांची सूट द्यायला हवी, हे खरे. ती सूट देऊनही एक गोष्ट बदलत नाही : चहाच्या आठ फेऱ्यांत ‘कटी सार्क’ एकदाही शंभर दिवसांच्या आत घरी आली नाही.

याचे कारण नकाशा आणि ऋतू समोर ठेवला की कळते. नवा चहा निघण्याचा काळ म्हणजे नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ. जो वारा आपल्याकडे पाऊस आणतो, तोच वारा दक्षिण चिनी समुद्रात ईशान्येकडे वाहतो, आणि चहा घेऊन निघालेल्या जहाजाला नेमके नैऋत्येकडे जायचे असते. शिडाचे जहाज वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. त्याला डावी-उजवी वळणे घेत पुढे सरकावे लागते. म्हणून कप्तान आजच्या व्हिएतनामच्या किनाऱ्याला चिकटून चालत आणि आपले कोकणचे नाखवे ज्याला मतलई म्हणतात तो रात्री जमिनीवरून सुटणारा वारा पकडत. पुढे बोर्निओचा किनारा, तेथून गॅस्पर सामुद्रधुनी आणि मग सुंडा सामुद्रधुनीवरील अंजेर. या टप्प्यात आळीपाळीने पडलेला वारा, उलटा वारा आणि अचानक येणारी पावसाची झोड, शिवाय पाण्याखाली नकाशावर धड न नोंदलेले प्रवाळखडक. ‘टेपिंग’ १८७१ मध्ये लॅड रीफवर फुटली आणि ‘सेरिका’ पुढच्याच वर्षी पॅरासेल बेटांजवळ गेली. अशा पाण्यात मोठ्या वाऱ्यासाठी घडवलेले जहाज अडखळते. ‘थर्मोपिली’चे खलाशी सांगत की पेटती मेणबत्ती हातात घेऊन डेकवर फिरता येईल इतक्या मंद वाऱ्यातही ती सात नॉट, म्हणजे तासाला सात सागरी मैल, चालते. त्यातील अभिमानाचा भाग वजा केला, तरी तिचा गुण नेमका कोणता होता ते त्यातून समजते.

अंजेर ओलांडून हिंदी महासागरात आग्नेय व्यापारी वारे मिळाले की मात्र ‘कटी सार्क’ची पाळी येई, आणि १८७२ मध्ये ते स्पष्ट दिसले. त्या वर्षी जून महिन्यात ‘कटी सार्क’ आणि ‘थर्मोपिली’ शांघायहून जवळपास एकाच वेळी निघाल्या. अंजेरपर्यंत ‘थर्मोपिली’ किंचित पुढे होती. व्यापारी वारे लागताच ‘कटी सार्क’ने तिला मागे टाकले आणि सुमारे ४०० सागरी मैलांची आघाडी घेतली. मग १५ ऑगस्टला, दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेला, भयंकर वादळात तिचे सुकाण तुटून समुद्रात गेले.

मालकाचा भाऊ रॉबर्ट विलिस जहाजावर होता आणि त्याने केप टाउनला आश्रय घेण्याचा आग्रह धरला. मूडी यांनी तो मानला नाही. जहाजावरील सुतार हेन्री हेंडरसन यांच्या देखरेखीखाली जादा डोलकाठीचे लाकूड तोडून, त्याचे तुकडे एकत्र सांधून नवे सुकाण बनवायला घेतले. लोखंडी पट्ट्या आणि खिळे घडवण्यासाठी डेकवरच भट्टी मांडली. जहाज वादळात हेलकावे खात असताना कप्तानांचा मुलगा भाता चालवत होता. एका लाटेने भट्टी उलटली आणि पेटते निखारे त्याच्या अंगावर पडले. काम तरीही थांबले नाही. सुकाण तयार करणे एक वेळ जमेल. ते पिछाडीखाली उतरवून, लाटांवर वरखाली होणाऱ्या जहाजाला साखळ्यांनी जखडणे हे त्याहून कितीतरी कठीण, कारण वजनदार लाकूड तळावर आदळले तर फळ्याच फुटतील. जवळपास सहा दिवस गेले. पुढे या सुकाणाची जोडणी पुन्हा एकदा निखळली आणि समुद्रातच परत दुरुस्त करावी लागली. अशा सुकाणावर पूर्ण शिडे लावून पळणेही शक्य नव्हते. एवढे होऊनही ती १८ ऑक्टोबरला लंडनला पोहोचली, ‘थर्मोपिली’नंतर केवळ एका आठवड्याने.

शर्यत ‘थर्मोपिली’ने जिंकली, यात वाद नाही. पण नौकानयनाच्या दृष्टीने त्या वर्षातील मोठे काम कोणी केले असे कुणी मला विचारले, तर मी मूडी आणि हेंडरसन यांची नावे घेईन. केप टाउनला न जाण्याचा निर्णय काही जण आडमुठेपणाचा मानतात. मला तो पटतो, कारण बंदरात शिरून दुरुस्ती होईपर्यंत आणखी दिवस गेले असते आणि सुकाणाविना किनाऱ्याजवळ जाणे खुल्या समुद्रात राहण्यापेक्षा धोक्याचे होते. त्या सफरीनंतर मूडी यांनी जहाज सोडले आणि ते आगबोटींवर गेले.

मूडी गेल्यावर चहाच्या फेऱ्या चालू राहिल्या, पण त्या शर्यती उरल्या नाहीत. सुएझमार्गे चीन ते लंडन हे अंतर तीन हजारांहून अधिक सागरी मैलांनी कमी झाले होते. शिडाच्या जहाजाला हा मार्ग बंद असल्यासारखाच होता, कारण कालव्यातून ओढून न्यायचे पैसे आणि तांबड्या समुद्रातील प्रतिकूल वारे यांत सगळा फायदा संपून जाई. आगबोटी तर यांगत्सी नदीतून शेकडो मैल आत हांकौपर्यंत जाऊन चहा भरू लागल्या. क्लिपरच्या वाट्याला उरलेला माल आणि पडेल ते भाडे आले. ‘कटी सार्क’ने १८७७ मध्ये चीनचा शेवटचा चहा लंडनला आणला, १८७८ मध्ये तिच्यासाठी मालच मिळाला नाही, आणि त्याच वर्षी तिचे कप्तान टिपटाफ्ट शांघायला वारले.

यानंतरची काही वर्षे दुर्दशेची होती. कोळसा, ताग, मिळेल तो माल. १८८० मध्ये जपानकडे कोळसा नेताना जहाजावरील अधिकाऱ्याच्या हातून एक खलाशी मारला गेला. कप्तान वॉलेस यांनी त्या अधिकाऱ्याला पळून जाऊ दिले आणि त्या ओझ्याखाली स्वतः समुद्रात उडी घेतली. चहाशी तिचा संबंध आणखी एकदा आला, तो भारतीय चहामुळे : १८८१ मध्ये तिने कलकत्त्याहून मेलबर्नला चहा नेला. दरम्यान तिच्या डोलकाठ्या आणि परबाणे (शिडे बांधण्याचे आडवे वासे) आखूड करून शिडांचे क्षेत्र घटवण्यात आले होते. खर्च आणि खलाशी कमी करण्यासाठी केलेला हा बदल पुढच्या कामाला पोषकच ठरला.

ते काम म्हणजे ऑस्ट्रेलियाची लोकर. १८८३ मध्ये तिने पहिल्यांदा लोकरीच्या गाठी घेतल्या आणि ८३ दिवसांत लंडन गाठले. १८८५ मध्ये रिचर्ड वुडगेट कप्तान झाले, आणि माझ्या मते या जहाजाला तिच्या योग्यतेचा कप्तान तेव्हा प्रथमच मिळाला. सिडनीहून निघून दक्षिणेला चाळीस-पन्नास अक्षांशांत उतरायचे, तिथे पृथ्वीभोवती अखंड घोंगावणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांवर पाठ देऊन केप हॉर्न गाठायचे आणि मग अटलांटिकमधून वर यायचे, अशी लोकरीची वाट होती. मागून येणाऱ्या डोंगराएवढ्या लाटांत लिंटनची भरीव पिछाडी आणि मुंबईच्या गोदीतून आलेली नाळ या दोन्ही गोष्टींचे चीज झाले. वुडगेट यांच्या पहिल्याच फेरीत तिने सिडनी ते लंडन हा प्रवास ७३ दिवसांत केला; ‘थर्मोपिली’ला त्याच हंगामात ८० दिवस लागले. चोवीस तासांत ३६३ सागरी मैल आणि कमाल १७.५ नॉट वेग या तिच्या नावावरील नोंदी आहेत. १८८९ च्या जुलै महिन्यात ऑस्ट्रेलियाजवळ ‘ब्रिटानिया’ ही पी अँड ओ कंपनीची टपाल आगबोट साधारण १५ नॉट वेगाने जात असताना रात्री मागून आलेल्या शिडाच्या जहाजाने तिला गाठले आणि मागे टाकले. ते जहाज ‘कटी सार्क’ होते. ज्या यंत्राने तिचा चहा हिरावून घेतला, त्याच यंत्राच्या पुढे ती काही तासांपुरती का होईना गेली, याचा मला आजही आनंद वाटतो.

मग सामान्य लोक तिला चहाचे सर्वांत वेगवान जहाज का म्हणतात? मुख्य कारण इतकेच की ती टिकली. ‘एरियल’ १८७२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर बेपत्ता झाली. ‘थर्मोपिली’ अखेरीस पोर्तुगीज आरमाराकडे गेली आणि १९०७ मध्ये लिस्बनजवळ कास्काइश येथे बुडवली गेली. ‘कटी सार्क’ही १८९५ मध्ये पोर्तुगीजांना विकली गेली होती आणि ‘फेरेरा’ नावाने पुष्कळ वर्षे माल वाहत होती; १९१६ मध्ये तिच्या डोलकाठ्या कोसळल्या. १९२२ मध्ये कप्तान विल्फ्रेड डाउमन यांनी ३,७५० पौंडांना तिला परत घेतले. १९५४ पासून ती ग्रिनिचच्या कोरड्या गोदीत आहे. २१ मे २००७ रोजी दुरुस्ती चालू असताना तिला आग लागली, पण त्या वेळी तिचे बरेचसे मूळ लाकूड आणि डोलकाठ्या कामासाठी काढून अन्यत्र ठेवल्या होत्या, म्हणून मोठी हानी टळली, आणि २०१२ मध्ये ती पुन्हा खुली झाली.

आता तिचा सांगाडा गोदीच्या तळापासून सुमारे तीन मीटर उचलून धरलेला आहे आणि लोकांना खालून चालत जाता येते. तिकडे जाण्याचा योग आला तर वरच्या डेकवर जाण्याआधी खाली उतरा, नाळेपासून सुरुवात करा आणि पठाणाच्या कडेने मागे चालत जा. पुढचा भाग किती धारदार आहे आणि मागे सुकाणापाशी येईपर्यंत तो किती रुंद व भरदार होतो, हे तिथे उभे राहून नीट दिसते. चहाच्या वाटेवर तिला कशाने मागे ठेवले आणि लोकरीच्या वाटेवर कशाने पुढे नेले, ते त्या पत्र्याच्या वळणावर हात ठेवून एखाद्या नवशिक्यालाही समजावून देता येते.